प्रथमपुरुष

अन्विता दहा वर्षांची असताना एके दिवशी सकाळच्या पाठाला बसली आणि मला म्हणाली, "नाना, तुम्ही एकटेच बोला ना. दोघं एकदम बोलू नका."

खोलीत मी एकटाच होतो.

अन्विता माझी नात. सांगलीला विश्रामबागेतल्या एका चार मजली इमारतीत आम्ही तिघे राहत असू: अनू, तिची आई सुनीती आणि मी. मुलगा श्रीनिवास मस्कतला समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात, वर्षातून एकदा येणारा. सुनीती हळदीची प्रत तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जाई, आणि तिच्या बोटांचा पिवळेपणा रविवारीसुद्धा उतरत नसे. मी येथल्याच एका शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेला. घरात काही शिकवावे असा जीव एकच होता, आणि तो शिकायला उत्सुक होता, हे माझे भाग्य.

रोज दूध घेऊन झाले की आम्ही धातुरूपे म्हणत असू. आरंभ ठरलेला. मी विचारावे, "प्रथमपुरुष म्हणजे कोण?" तिने म्हणावे, "सः. तो." "मध्यमपुरुष?" "त्वम्. तू." "उत्तमपुरुष?" "अहम्. मी." कधी तिला परीक्षक व्हायची हुक्की येई. मग ती विचारी आणि मी हात जोडून उत्तरे देई. शाळेतल्या मराठी व्याकरणात 'मी' पहिला असतो, 'तू' दुसरा आणि 'तो' तिसरा. संस्कृतात क्रम उलट: आधी 'तो', मग 'तू', आणि सर्वांच्या शेवटी 'मी'. या रचनेतला विनय मला नेहमीच पूजनीय वाटत आला आहे. वर्गावर मी त्याबद्दल दरवर्षी एक संपूर्ण तास बोलत असे, आणि मुले जांभया देत असत. अनूने मात्र तो क्रम मनापासून घेतला होता.

दुसरा आवाज कोणाचा, हे कळायला दोन महिने गेले. तिने त्याला नाव ठेवले होते, 'हजेरीवाला'.

"तो माझी हजेरी घेतो, नाना. मग दिवसभराच्या चुका वाचून दाखवतो. तुझ्यामुळे आई दमते. तुझ्यामुळे बाबा येत नाहीत. पोळी खाऊ नकोस, तुला पोळी शोभत नाही."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, गप्प बस. आधी स्वतःची हजेरी लाव."

ती असे म्हणाली की मला हसू येई. पण दिवसेंदिवस तिचे बोलणे तुटू लागले. गणित मांडताना अर्ध्यावर हात थांबे. वर्गात पंख्याचा आवाज, मागच्या बाकावरची कुजबुज, रस्त्यावरचा हॉर्न आणि बाईंचे शिकवणे, यांतले काय ऐकायचे ते तिला ठरवता येईना. शाळेने कळवले, 'विद्यार्थिनीचे लक्ष नसते.' सहा महिन्यांनी तिची शाळा सुटली. तिचे सगळे शिक्षण माझ्याकडे आले. ही गोष्ट मी नुसती सांगून पुढे जात नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ येथे आहे.

मिरजेच्या मेंदू-उपचार केंद्रात डॉ. रेशमा मुजावर यांनी निदान सांगितले. एवढ्या लहान वयात स्किझोफ्रेनिया फार क्वचित होतो, आणि होतो तेव्हा फार खोल जातो. सुनीतीने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी आम्हाला पडद्यावर दोन लाटा दाखवल्या.

"आजोबा, आम्ही तिला अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन टिचक्या ऐकवल्या. तुमचा-माझा मेंदू पहिल्या टिचकीला उठून दार उघडतो. दुसरीला म्हणतो, तीच आहे, आणि बसून राहतो. हिचा मेंदू दोन्ही वेळा तितक्याच तातडीने उठतो. दिवसभर, प्रत्येक आवाजाला. शाळा म्हणते हिचं लक्ष नाही. खरं तर हिचं लक्ष सगळीकडे आहे. ते दमून जातं."

"आणि तो हजेरीवाला?" सुनीतीने विचारले.

"आपण मनात बोलतो ना, तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आगाऊ वर्दी देतो की, हे आपलंच आहे, घाबरू नकोस. या मुलांमध्ये ती वर्दी उशिरा पोहोचते. सेकंदाचा वीस-पंचविसावा भाग, जास्त नाही. तेवढ्यात स्वतःचाच विचार परका होऊन कानावर येतो."

औषधांनी अनूला झोप येई, पण हजेरीवाला जाईना. वर्षभराने डॉक्टरांनी 'स्वमुद्रा' या नव्या उपचाराविषयी सांगितले. डोक्यावर जाळीची हलकी टोपी. तिच्यातून सोडलेला सूक्ष्म प्रवाह हरवलेली वर्दी वेळेवर पोहोचवी, म्हणजे आवाजावर 'हा माझा' असा शिक्का मारी. जोडीला एक औषध, जे मेंदूची शिकण्याची कवाडे काही आठवड्यांपुरती उघडे. नव्वद दिवसांत शिक्के पक्के होत. मग टोपीची गरज उरत नसे.

"एक गोष्ट लपवत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या चाचण्यांत सगळ्या आवाजांवर सरसकट शिक्का मारला होता. आवाज गेले. पण जो आवाज शिव्या देत होता, त्या शिव्या मुलांना स्वतःच्याच वाटायला लागल्या. ते सगळं थांबवावं लागलं. आता आधी मुलालाच विचारतात, यातला तुझा आवाज कोणता. मूल ज्याला आपला म्हणेल त्यावर शिक्का. ज्याला परका म्हणेल तो हळूहळू मंद होत जातो."

"मुलाला विचारून?" मी म्हणालो.

"दुसऱ्या कोणाला विचारणार, आजोबा? आत काय ऐकू येतं ते फक्त त्यालाच माहीत."

निवडीच्या दिवशी सुनीतीला प्रयोगशाळेतून सुटता आले नाही. मी अनूला घेऊन गेलो. आवाज शिरू नये अशा काचेच्या खोलीत तिला बसवले. समोर तीन बटणे होती. मनात एखादा आवाज उमटला की तो कोणाचा ते ओळखून तिने बटण दाबायचे. तंत्रज्ञ मुलीने तिला सारे नीट समजावले, दोनदा समजावले. अनू मान हलवत होती आणि तिची नजर छताच्या वातनळीकडे होती. मी बाहेर, काचेमागे. मला तिची पाठमोरी वेणी दिसत होती, बटणे दिसत नव्हती. जवळ एक ध्वनिक्षेपक ठेवलेला. मुलगी घाबरली तर धीर द्या, एवढेच मला सांगितले होते.

पाचेक मिनिटांनी तिचा आवाज आला, "नाना, प्रथमपुरुष म्हणजे कोण?"

मला वाटले, ती घाबरली आहे आणि धीर यावा म्हणून आमचा सकाळचा खेळ मांडते आहे. परक्या जागी, डोक्यावर ती जाळी असताना, मुलीला पाठ आठवला, याचा मला अभिमान वाटला. हेही मी लपवत नाही.

"सः," मी म्हणालो. "तो."

"मग तू, आणि शेवटी मी?"

"शेवटी मी. शाबास."

तंत्रज्ञ मुलगी आमच्याकडे पाहून हसली. आजोबा-नातीचे ते बोलणे तिलाही गोड वाटले असावे. अनूने पाठ ताठ केली आणि ती झरझर बटणे दाबू लागली.

तिसऱ्या आठवड्यात हजेरीवाला बोलेनासा झाला. पाचव्या आठवड्यात अनू सलग चाळीस मिनिटे गणिते सोडवत बसली. आठव्या आठवड्यात तिला शाळेने परत घेतले, आणि बाईंनी वहीवर लिहिले, 'उत्तम एकाग्रता.' सुनीतीने ते पान मस्कतला पाठवले. फोनवर श्रीनिवासचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

मी देवापुढे गेलो. हात जोडून नुसता बसून राहिलो.

शंका आली ती पाठाला बसल्यावर. अनू आता सारी रूपे अचूक म्हणे, पण परीक्षक होत नसे. तिला कशाचाच कंटाळा येत नसे. मागे, शाळा सुटली होती तेव्हासुद्धा, मी एखादे रूप चुकलो की ती टाळी वाजवून मला बाकावर उभे राहायला सांगे. एके सकाळी मी मुद्दाम द्विवचनाच्या जागी बहुवचन घातले. ती काही बोलली नाही. मी पुन्हा तेच चुकलो.

"काही चुकलं का गं?"

"माझंच चुकलं असेल."

"तुझं नाही, माझं. मी मुद्दाम चुकलो."

"माझ्यामुळे चुकलात. माझ्यामुळे सगळ्यांचंच चुकतं." आज बुधवार आहे, असे सांगावे त्या सुरात ती हे बोलली.

मी पुस्तक मिटले. "हजेरीवाला म्हणतो का असं?"

"तो गेला ना. आता मीच म्हणते."

"आणि त्याला गप्प बस म्हणायची ती अनू?"

तिने खरोखरच आठवून पाहिले. तिचे लक्ष आता विचलित होत नसे. "हां. तसं कोणीतरी बोलायचं. लांबून. आता तो आवाज नाही येत. बंद झाला उपचाराने."

मी उठून पाणी प्यालो. पेला खाली ठेवताना तो ओट्यावर दोनदा वाजला. दोनपैकी एकाही आवाजाला तिने मान वर केली नाही.

मिरजेला मी एकटाच गेलो. डॉ. मुजावरांनी पडद्यावर अनूच्या लाटा लावल्या. दुसऱ्या टिचकीला मेंदू आता बसून राहत होता. "इतका सुंदर प्रतिसाद आम्हाला फार थोड्या मुलांत मिळालाय," त्या म्हणाल्या. मी अनूचे बोलणे सांगितले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी निवडीच्या दिवसाचा तक्ता उघडला.

तक्त्यावर तीन रकाने होते. प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष, तृतीय पुरुष. पहिल्याखाली लिहिले होते: स्व, शिक्का द्यावा. उरलेल्या दोहोंखाली: पर, मंद करावा.

"ही नावं कशाची?"

"बटणांची. काही आवाज मुलाला 'तू' म्हणतात, काही त्याच्याबद्दल 'ती अशी आहे' असं आपसांत बोलतात. आणि आपला स्वतःचा आवाज 'मी' म्हणतो. या वयाच्या मुलांना शाळेतलं व्याकरण येतं, म्हणून तीच नावं..."

त्या पुढे बोलत होत्या. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. कानात एकच प्रश्न होता, आणि त्याला मी दिलेले उत्तर. शाळेतले व्याकरण अनूला येत नव्हते. दीड वर्ष तिला माझे व्याकरण येत होते. तिने अवघड क्षणी ज्याच्यावर तिचा विश्वास होता त्याला विचारले, आणि मी कौतुकाने 'शाबास' म्हणालो. तिच्या लेखी हजेरीवाला म्हणजे 'तो'; तिने आज्ञाधारकपणे पहिले बटण त्याला दिले. 'मी' शेवटी ठेवली. शेवटच्या बटणावरचा आवाज मंद करून टाकायचा होता.

मी डॉक्टरांना सारे सांगितले. माझा आवाज स्थिर राहिला याचे मला आजही आश्चर्य वाटते.

त्या तक्त्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दहावीला संस्कृत होतं मला. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. आणि ही नावं मंजूर करताना मला हे सुचलं नाही."

"तुम्ही मार्कांसाठी घेतलं असेल."

"मार्कांसाठीच घेतलं होतं, आजोबा." त्यांनी चष्मा काढून पुसला.

दोन दिवसांनी अनूची पुन्हा तपासणी झाली. 'मी वाईट आहे' हे वाक्य ऐकवले की तिचा मेंदू आपल्या माणसाला पाहून स्वस्थ बसावे तसा बसे. 'मला हे नको' या वाक्याला तेथे काहीच हालत नसे. शंकेला जागा उरली नाही.

"अदलाबदल करता येईल?" मी विचारले.

"ते औषध या वयात एकदाच देता येतं. दुसऱ्यांदा दिलेल्या मुलांना झटके आले. मोठी झाल्यावर तिचा मेंदू इतका शिकाऊ राहणार नाही." त्या टेबलावरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होत्या. "आज त्र्याहत्तरावा दिवस. नव्वदच्या आत शिक्का आणि मंद केलेलं, दोन्ही पुसता येतं. पुसले तर ती होती तशी होईल."

"होती तशी म्हणजे हजेरीवाला."

"हजेरीवाला, तुटणारं लक्ष, सगळंच. आणि ती स्वतः. यातलं फक्त एक ठेवा असं मला सांगता येत नाही." मग हळूच म्हणाल्या, "हे तिच्या आईला मी सांगू का?"

"नको. ते मीच सांगितलं पाहिजे."

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात सुनीती मला भेटली. पोती उतरवण्याचे काम चालू होते आणि हवेत हळदीची पूड होती. तिने शांतपणे ऐकून घेतले. माझ्या घरात आल्यापासून तिने मला कधी उलट उत्तर दिले नव्हते.

"ती शाळेत जाते, नाना," ती म्हणाली. "जेवते. परवा तिने स्वतः वेणी घातली. आणि तुम्ही सांगताय, मी तिला परत आजारी करू."

"हो."

"तुमच्या एका शब्दासाठी."

"हो."

"चौतीस वर्षं लोकांच्या पोरांच्या वह्यांत ऱ्हस्वदीर्घ शोधलेत. एवढं मोठं कसं सुटलं हो तुमच्या हातून?"

तिने डोळे पुसले आणि बोटांची हळद गालाला लागली. ती तशीच आत गेली.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. एका रात्रीत निर्णय घ्यावा असा तो निर्णय नव्हता, आणि दिवस तर सरत होते. पाचव्या दिवशी, रविवारी, तिने दोडक्याची भाजी केली. अनूला लहानपणापासून दोडका पाहवत नसे. पूर्वी दोडक्याच्या दिवशी आमच्या घरी खटला उभा राहत असे, साक्षी-पुराव्यांसकट. सुनीतीने तिला भाजी वाढली, आणि पुन्हा वाढली. अनू खात राहिली.

"आवडला?"

"नाही."

"मग खातेस का?"

"मला आवडायला कशाला पाहिजे?"

"बरं. पुढच्या शनिवारी वाढदिवस तुझा. काय करू तुझ्यासाठी?"

"काही नको, आई."

"असं कसं. काहीतरी हवं असेल की तुला."

अनूने घास गिळला आणि आईकडे सरळ पाहिले. इतके स्थिर, स्वच्छ लक्ष मी त्या डोळ्यांत पूर्वी कधी पाहिले नव्हते. "मला काही हवं असेल तर ते चूकच असेल ना."

सुनीतीच्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला. तिने मुलीच्या ताटातला दोडका स्वतःच्या ताटात काढून घेतला, फोड न् फोड. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नाना, मिरजेला फोन करा."

शिक्के पुसायला अकरा बैठका लागल्या. प्रत्येक बैठकीला मी काचेमागे उभा राही. ध्वनिक्षेपक मी दूर सारून ठेवी. आठव्या बैठकीनंतर घरी येताना अनू रिक्षात एकदम मागे वळून म्हणाली, "मला कोणी हाक मारली?" रिक्षावाला म्हणाला, "नाही हो ताई." सुनीती रस्त्याकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मी अनूचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि कानावर ठेवला.

पुढे सारे एकेक करून परत आले. आधी गणित अर्ध्यावर थांबू लागले. मग शाळेने काळजीच्या सुरातले पत्र पाठवले, मग सुट्टी दिली. औषधाच्या गोळ्या वाढल्या. ती पुन्हा पोळीला बोट लावून विचारू लागली, यात काय घातलंय. डॉ. मुजावर दर पंधरवड्याला तपासत. बटणांवर आता तीन चेहऱ्यांची चित्रे आहेत, असे त्यांनी मला सांगितले. दुसऱ्या मुलांसाठी.

महिना उलटल्यावरच्या एका सकाळी अनू पाठाला बसली. एक रूप म्हणायला तिला सात वेळा आरंभ करावा लागला. मधेच ती थांबली आणि तिरप्या मानेने ऐकू लागली.

"नाना, तो म्हणतो, मी बरी झाले होते आणि तुम्ही मला परत आजारी केलंत."

सुनीती स्वयंपाकघराच्या दाराशी थबकली. तो खोटे बोलतो, असे आम्ही अनूला दोन वर्षे शिकवले होते. आताही तेवढेच म्हटले असते तर ती मानणार होती. तिने माझे कधी काय मानले नव्हते?

"खरं आहे," मी म्हणालो. "पण ते अर्धंच आहे."

"मग पूर्ण सांगा."

मी पूर्ण सांगितले. तिचे लक्ष तुटे, ती म्हणे "परत सांगा", आणि मी मागचे वाक्य पुन्हा घेई. माझा अपराध मला तीनदा, चारदा, पहिल्यापासून उच्चारावा लागला. ती बटणे. तिने विचारलेला प्रश्न. मी दिलेले उत्तर. घरी दोडका खाल्ला तो रविवार.

"म्हणजे तुम्ही नीट उत्तर दिलं असतं, तर मी बरी झाले असते."

"हो."

"खरीखुरी बरी. तो गेला असता आणि मी राहिले असते."

"हो, बाळा."

"आता नाही होणार?"

"ते औषध पुन्हा देता येत नाही."

तिने वही मिटली. तिचे नाक लाल झाले होते. "मला तुमचा राग आलाय, नाना. फार आलाय."

"येऊ दे."

"तुम्ही येऊ दे म्हणालात म्हणून नाही आला. मला आलाय."

ती तिच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. सुनीती जवळ आली आणि तिने मिटलेली वही उचलून कडेला ठेवली. आम्ही दोघे बंद दाराकडे पाहत उभे होतो. आतून अनूचा आवाज येऊ लागला. दुसरी बाजू आम्हाला ऐकू येण्यासारखी नव्हती.

"तू गप्प बस. तुला कोणी विचारलं नाही." थोडा वेळ शांतता. मग चिडून, रडत, "नाही म्हटलं ना. ते माझे आजोबा आहेत. हे आमचं भांडण आहे, तू मध्ये पडू नकोस."

दुपारच्या जेवणापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी दाराबाहेर जमिनीवर बसून होतो.